आंब्याच्या दिवसांतली सारंगी

"कुछ भी लगा दीजिए, मेश्राम जी."

हे वाक्य कानावर पडलं की मेश्रामसाहेब चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकानं तो सावकाश पुसायचे आणि परत डोळ्यांवर चढवेपर्यंत समोरच्या निर्मात्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. मग म्हणायचे, "कुछ भी हमारे पास नहीं है. बाकी सब है." निर्माता हसायचा. त्याला वाटायचं, हा विनोद आहे. विनोद नव्हता तो. लखनौच्या टीव्ही केंद्रात मी काही वर्षं कंत्राटी निर्मितीसहायक म्हणून काढली, आणि तेवढ्या काळात त्या माणसाला इतक्या वेळा चष्मा पुसताना पाहिलं की त्याच्या काचा झिजल्या कशा नाहीत याचंच मला नवल वाटतं.

बळवंत मेश्राम केंद्रातल्या संगीत-संग्रहाचे प्रमुख होते. प्रमुख म्हणजे एकटेच. जिन्याशेजारी एक लांबोडकी खोली, तिच्यात छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यांवर रेकॉर्डी आणि टेपांची रिळं, कोपऱ्यात टेपयंत्र, आणि त्या यंत्रासाठी बसवलेला एसी, ज्याचा गारवा माणसांना मिळाला तर मिळाला. शेतीच्या कार्यक्रमाच्या मागे, शिवणकामाच्या कार्यक्रमाच्या मागे, नव्या पुलाच्या माहितीपटाच्या मागे जे काही वाजायचं ते या खोलीतून जायचं. काही वाजतंय हे बघणाऱ्याच्या लक्षातही येत नसे. कार्यक्रम संपला की नावं सरकायची. त्यांत मेकअपवाल्याचं नाव असायचं, एकदा तर जीप चालवणाऱ्याचंही आलं होतं. मेश्रामांचं कधी आलं नाही. याचा त्यांच्यापेक्षा मलाच जास्त राग यायचा, आणि तो मी त्यांच्यापाशीच काढायचे.

"जाऊ द्या ना पाटीलबाई," ते म्हणायचे. "भिंतीमागच्या विटेचं नाव कोणी लिहिते का?"

माझ्या नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीनं आम्हाला साताऱ्याहून लखनौला आणलं होतं. विकासनगरात घर मिळालं, पण दोन शब्द मराठी बोलावं असं आसपास कोणी नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात टेप मागायला त्या खोलीच्या दाराशी गेले, तर आतून आवाज आला, "काय पाहून राहिल्या? या ना आत. चपला मात्र बाहेर." मेश्राम मूळचे भंडाऱ्याचे. लखनौत येऊन त्यांना इतकी वर्षं झाली होती की त्यांच्या वाक्यात हिंदी कुठं सुरू होते हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. तरी भंडारा काही सुटला नव्हता. केंद्रातले निम्मे लोक त्यांना मिश्राजी म्हणत. ते दर वेळी थांबून दुरुस्त करत, "मेश्राम. मिश्रा नाही." समोरचा "अच्छा, अच्छा" म्हणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मिश्राजी. मी एवढा पिच्छा कधीच सोडून दिला असता. त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

नव्या माणसाला ते एक व्याख्यान देत. मलाही मिळालं. मूकपटांच्या काळात थिएटरातले वादक पुढ्यात कागदांचे गठ्ठे घेऊन बसत. पाठलागाचं संगीत एका गठ्ठ्यात, विरहाचं दुसऱ्यात, वादळाचं तिसऱ्यात. सिनेमा बोलायला लागला, ते वादक घरी गेले, पण गठ्ठे राहिले. त्यांच्या रेकॉर्डी झाल्या. मग परदेशात अशा रेकॉर्डी काढणाऱ्या कंपन्याच निघाल्या. हे संगीत दुकानात विकायला नसतंच. कोणत्या सिनेमासाठी, कोणत्या कार्यक्रमासाठी ते वाजवलंय हे वाजवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. नुसतं करून ठेवायचं, ज्याला लागेल तो नेईल. आधी रेडिओनं नेलं, मग टीव्हीनं.

"आणि हे पाहा," असं म्हणून ते एक रेकॉर्ड काढत आणि पाकिटामागची अक्षरं वाचून दाखवत. 'प्रसन्न, ग्रामीण. गायी, कुरणं.' 'उद्योग, हलका. प्रगती.' 'संशय, सौम्य.' "सौम्य संशय, बाई. साल्यांनी संशयालाही वजनकाटा लावला." त्यांची चीड खरी होती. "लंडनमधल्या कोण्या माणसानं स्वेटर घालून हे डोंगरातल्या गायीसाठी वाजवलं. आपण बाराबंकीच्या म्हशीखाली लावून राहिलो. का? तर पाकिटावर गाय लिहिलंय म्हणून. कान कोणी वापरतच नाही. सगळे वाचून ऐकतात."

म्हणून स्वतः केलेल्या टेपांवर ते कधीही भाव लिहीत नसत. वाद्य लिहायचं, वाजवणाऱ्याचं नाव लिहायचं, लय लिहायची. बास. दुःखी, आनंदी, गंभीर यांतला एकही शब्द त्यांनी कधी डब्यावर पडू दिला नाही. "ज्याला पाहिजे त्यानं ऐकावं आणि ठरवावं." या हट्टापायी निर्माते वैतागत. खरं सांगायचं तर मीही वैतागे. घाईच्या वेळी एका सकाळच्या तुकड्यासाठी पाच टेपा ऐकत बसायला कुणाकडे वेळ असतो?

निशातगंजला त्यांच्या घरी गेलं की ते टीव्हीकडे पाठ करून बसलेले असायचे. चित्र दिसलं की ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. घरातले सगळे टीव्हीकडे तोंड करून आणि घरधनी भिंतीकडे, असा देखावा. मध्येच भिंतीला उद्देशून म्हणायचे, "चुकलं. बासरी नको होती तिथं." त्यांची मुलगी कॉलेजात होती. तिला मराठी सगळं समजे, पण उत्तर हिंदीत. "पापा, डायलॉग तो सुनने दो." वहिनी माझ्याकडे बघून मान हलवायच्या. "लग्नात वाजंत्री चालू असताना यांनी मान वळवून वळवून पाहिलं, सनईवाला कोण म्हणून. मला वाटलं, मला पाहून राहिले."

आता सारंगीचं सांगते.

केंद्रावर बाकर मियाँ नावाचे सारंगीवादक नोकरीला होते. उंच, किंचित वाकलेले, पांढऱ्याशुभ्र कुर्त्याच्या खिशात कायम पावडरचा छोटा डबा. सारंगीची तार नखाच्या मुळाशी दाबून वाजवतात, बोट सरकावं म्हणून पावडर लावतात. हेही त्यांनीच मला सांगितलं होतं. त्यांचं एक दुखणं होतं. कुणीतरी मेलं, कुणीतरी सासरी निघालं, कुणाचं घर जळलं की निर्माते त्यांना बोलवत, एरवी नाही. "बीबी, लोगों ने समझ रखा है कि सारंगी रोने की चीज़ है," ते मला म्हणाले होते. "मेरे वालिद इस पर हँसाते थे."

एका जुलैत मलिहाबादच्या आमराईंवर माहितीपट चालला होता. निर्मात्याला त्याच्यामागे ते लंडनचं 'प्रसन्न, ग्रामीण' हवं होतं. मेश्राम म्हणाले, दशहरी आंब्याखाली लंडन लावणार नाही. वाद झाला. त्या दुपारी कुठलासा कार्यक्रम रद्द होऊन स्टुडिओ मोकळा पडला होता. चित्रीकरणाहून आलेले आंबे बादलीत पाण्यात घालून ठेवले होते. मेश्रामांनी बाकर मियाँना निरोप धाडला. तबलजी जेवायला गेला तो आलाच नाही. मग कुणाची वाट न बघता बादलीभोवती बसून आम्ही आंबे खाल्ले, मेश्राम, बाकर मियाँ, ध्वनिमुद्रण करणारा आणि मी. बाकर मियाँ आंबा दोन्ही हातांत पिळून चोखायचे, रस मनगटापर्यंत यायचा. मग त्यांनी रुमालाला हात पुसले, पावडर लावली आणि तंबोऱ्यावर नुसतीच सारंगी धरली.

त्या वाजवण्यात घाई नव्हती. पोट भरलेलं आहे, झोप येतेय, बाहेर ऊन आहे आणि कुठंही जायचं नाही, अशा दुपारची ती धून होती. मी डोळे मिटले होते. थांबल्यावर बाकर मियाँ स्वतःच्या बोटांकडे बघून हसले, आणि मेश्रामांनी टेप बंद केली. त्यांना इतकं खूश मी आधी कधी पाहिलं नव्हतं. "पाटीलबाई," ते म्हणाले, "हे एक काम माझं. बाकी सगळं पोस्टमनकी."

डब्यावर त्यांनी लिहिलं: सारंगी. बाकर. धीमी.

माहितीपट दाखवला गेला. चार लोकांनी तो बघितला असेल. टेप मांडणीवर गेली.

पुढच्या हिवाळ्यात मेश्राम पुतणीच्या लग्नाला भंडाऱ्याला गेले, आणि नेमका तेव्हाच एका मोठ्या नेत्याचा मृत्यू झाला. दुखवटा जाहीर झाला. सगळे कार्यक्रम बंद, गंभीर वाद्यसंगीत तेवढं लावा, असा वरून आदेश. त्या दिवशी पाळीवर असलेल्या अधिकाऱ्यानं संग्रहाची खोली उघडली. ऐकायला सवड नव्हती. डबे वाचत गेला. सारंगी आहे, धीमी आहे. अजून काय पाहिजे? दुखवटा संपेपर्यंत पडद्यावर एक जळती समई आणि मागे आमची आंब्याची दुपार.

मेश्राम परत आले ते स्टेशनवरच चहाच्या टपरीवरच्या टीव्हीपुढे थबकले. बॅग हातात घेऊन तसेच केंद्रावर आले. मी जिन्यात होते. म्हणाले, "काय करून ठेवलं हे?" मी म्हटलं, "साहेब, डब्यावर लिहिलं असतं तर..." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाक्य मी गिळलं. पण ते खरंच होतं, आणि त्यांनाही ते माहीत होतं. दुसऱ्या कुणा संग्रहपालानं डब्यावर 'आंबे' लिहिलं असतं आणि ही वेळ आली नसती.

त्यानंतर ती धून कुणाचीच राहिली नाही. पुन्हा दुखवटा आला, पुन्हा तीच टेप निघाली, कारण आता सगळ्यांना माहीत होतं की दुखवट्याची टेप कुठली. एखादा भाव धुनेला एकदा चिकटला की सालासारखा सोलता येत नाही. मेश्रामांनी सोलायचा प्रयत्न केला. बागकामाच्या कार्यक्रमात गुलाबांच्या मागे ती लावली, तर चौकशीच्या खिडकीवरचे फोन वाजायला लागले: "कौन गुज़र गया, भाई साहब?" मग एका संध्याकाळी मुलांच्या कार्यक्रमात बाहुलीच्या गोष्टीला लावली. मी त्या वेळी घरी होते. आमच्या गल्लीतली पोरं एकामागून एक घराबाहेर पळत आली आणि नाचायला लागली. "छुट्टी! कल छुट्टी!" कुणीतरी मोठा माणूस गेला म्हणजे शाळेला सुट्टी, हे त्यांना पक्कं माहीत होतं. एकाची आई त्याला कान धरून आत घेऊन गेली. दुसरीनं मला गंभीरपणे विचारलं, "आप तो टीवी में हैं, बताइए, कौन थे?"

मी हे मेश्रामांना सांगितलं तेव्हा हसू आवरत नव्हतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "निदान पोरं नाचली ना. नाचू द्या."

त्या संध्याकाळचा परिणाम मात्र वाईट झाला. संचालकांनी लेखी सूचना काढली की सदर धून यापुढे केवळ शासकीय दुखवट्याच्या प्रसंगी, आणि पूर्वपरवानगीनंच वापरावी. टेप वेगळ्या कपाटात गेली, किल्ली प्रशासनाकडे. मेश्राम त्या सूचनेविरुद्ध अर्जावर अर्ज करत राहिले. धून आंब्याची आहे, असं ते लिहीत. वाचणाऱ्याला काय कळणार होतं? मला त्यांचा राग यायचा, त्यांच्या त्या अर्जांचा, आणि त्याहून जास्त त्या कपाटाचा. या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या कार्यक्रमांखाली दुसऱ्यांचं संगीत घातलं. स्वतःचं म्हणावं असं एकच केलं, तर त्याला कुलूप.

तोवर बाकर मियाँ निवृत्त झाले होते. त्यांनी हे हसण्यावारी नेलं. मेश्रामांना म्हणाले, "मियाँ, जाने दीजिए. बड़े-बड़े लोग मेरे साज़ पर रुख़्सत हो रहे हैं." पण पुढे एकदा मला म्हणाले, गल्लीत कुणाच्या घरी मुलाच्या बारशाला वाजवायला बसलो तर म्हातारे उठून गेले.

पुढच्या काही वर्षांत सगळंच बदललं. घरोघरी केबल आली, आणि केंद्रावर परदेशी संगीताचा सीडींचा संच आला. त्यावरही तीच अक्षरं, फक्त आणखी बारीक. नवीन पोरं बटण दाबत आणि क्रमांक सांगत. मेश्रामांच्या खोलीत यायचं कारणच संपलं. ते तरीही वेळेवर येत, टेपयंत्राचं हेड स्पिरिटनं पुसत आणि बसून राहत.

अशातच बाकर मियाँ गेले.

सकाळी बातमी कळली, संध्याकाळी प्रादेशिक बातम्यांत छोटासा तुकडा जाणार होता: जुना फोटो, दोन वाक्यं, मागे काहीतरी. मेश्राम मला हाताला धरून न्यावं तसे बातमी विभागात घेऊन गेले. तिथं नवा निर्माता होता, वाईट मुलगा नव्हता, पण घाईत होता.

"वो धुन चाहिए," मेश्राम म्हणाले. "सारंगी. मातमवाली."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं दुखवट्याच्या ज्या नावाविरुद्ध ते भांडले, तेच आज ते स्वतःच्या तोंडानं घेत होते.

"सर, वो तो रिज़र्व है," मुलगा म्हणाला. "वीआईपी के लिए."

"बजाई किसने है, मालूम है?"

"सर, मालूम है. लेकिन परमिशन डायरेक्टर साहब की लगती है, और वो मीटिंग में हैं. ये तो स्टाफ़ आर्टिस्ट थे." मग त्यानं मनापासून सांगितलं, "आप चिंता मत कीजिए, मैं कुछ लगा दूँगा. सैड वाला है सीडी में."

मेश्रामांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून उभे राहिले. मीच त्या मुलाला नको ते बोलले, मराठीत, त्यामुळे त्याला काही कळलं नाही. संध्याकाळी बाकर मियाँचा फोटो आला आणि मागे पियानो वाजला. सारंगी वाजवणाऱ्या माणसाला आम्ही पियानोवर पोचवलं. निशातगंजच्या घरात मेश्राम भिंतीकडे तोंड करून बसले होते, असं वहिनींनी मला नंतर सांगितलं. 'चुकलं' असंसुद्धा म्हणाले नाहीत.

बाकर मियाँचा चालीसवा, म्हणजे चाळिसाव्या दिवसाचा विधी, होऊन गेल्यावर एका रविवारी ते स्कूटर घेऊन आमच्या दारात आले. पिशवीत कॅसेट-प्लेअर होता. ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच त्यांनी त्या धुनेची एक कॅसेट स्वतःसाठी करून घेतली होती. "चला," म्हणाले. "बाकरच्या घरी कोणीतरी हे ऐकलं पाहिजे. मी एकटा गेलो तर नीट बोलता येणार नाही." मी मागे बसले.

जुन्या लखनौतल्या चौक भागात, बाकर मियाँच्या गल्लीत, घराबाहेर दोन बकऱ्या बांधल्या होत्या. आत तख्तावर बाकर मियाँची थोरली बहीण बसली होती, आपा. त्यांना दिसायचं कमी झालं होतं. सुनेनं चहा आणला. मेश्रामांनी भीतभीत विचारलं, सुनवाऊँ? बुरा तो नहीं मानेंगी? आपा म्हणाल्या, घरात साज़ वाजतच आला आहे, आता बंद कशाला.

धून सुरू झाली तशी सून उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा करून तिनं मान खाली घातली. तिनंही ती समईबरोबरच ऐकली होती. मेश्रामांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, इथंही तेच.

आपा मात्र कान पुढे करून ऐकत होत्या. थोड्या वेळानं त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्या हसायला लागल्या.

"ये तो आम खा के बैठा है," त्या म्हणाल्या.

मेश्रामांनी डोळे उघडले.

"सुनिए न, उँगली अटक रही है. यहाँ... और ये यहाँ. अम्मा डाँटती थीं, हाथ धो के बैठ, तार ख़राब करेगा. ये सुनता ही नहीं था. पोंछ के बैठ जाता था." त्या सुनेकडे वळल्या. "खड़ी क्यों है? बैठ जा. कोई मरा थोड़े ही है इसमें."

सून बसली. आपा गुडघ्यावर बोटांनी ताल धरून हसत राहिल्या, आणि धून तिच्या स्वतःच्या दुपारी परत गेली. मी मेश्रामांकडे पाहिलं नाही. बघवलं नसतं.

कॅसेट संपल्यावर आपा म्हणाल्या, ठेवून जा. मेश्रामांनी माझ्याकडे पेन मागितलं. डबीवरच्या कोऱ्या पट्टीवर बराच वेळ लिहीत होते. मी वाकून पाहिलं तर नेहमीचंच होतं, सारंगी, बाकर, धीमी. आणि त्याखाली, त्यांच्या त्या गोल, सावकाश अक्षरांत: आम खाकर.

डबी सुनेच्या हातात देऊन ते बाहेर गेले आणि बकऱ्यांच्या मधून स्कूटर काढायला लागले. त्याच उन्हाळ्यात आमची बदली झाली आणि पुढे ते भंडाऱ्याला राहायला गेले. माझ्यासाठी ते अजून बाकर मियाँच्या त्या गल्लीतच आहेत, स्कूटरला किक मारताहेत, ती लागत नाहीये, आणि त्यांना त्याची अजिबात घाई नाहीये.